मताचा हक्क आणि न्यायाचे दार : न्या. वि. म. तारकुंडे यांचे कार्य

भारतीय राज्यघटनेच्या कलम ३२६ने प्रौढ मताधिकाराचे तत्त्व स्वीकारले, तेव्हा देशातील बहुसंख्य जनता निरक्षर होती. शिक्षण, मालमत्ता, जात, धर्म किंवा लिंग यांपैकी कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत देण्याचा निर्णय घटनाकारांनी घेतला. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयाद्यांमध्ये सतरा कोटींहून अधिक नावे होती. २०२४च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत ही संख्या सुमारे सत्त्याण्णव कोटींवर पोहोचली. संख्येच्या दृष्टीने ही वाटचाल जगात अतुलनीय आहे.

परंतु मतदारयादीत नाव असणे म्हणजे मताधिकार पूर्ण होणे नव्हे. निवडणूक घेणारी यंत्रणा निःपक्षपाती आहे काय, ज्याला मत द्यायचे त्याच्याविषयी मतदाराला पुरेशी माहिती मिळते काय, पैशाच्या बळापुढे सामान्य उमेदवाराचा निभाव लागतो काय आणि यांपैकी कोठे अन्याय झाला तर नागरिकाला न्यायालयाचे दार उघडे आहे काय, या प्रश्नांच्या उत्तरांवर मताचे खरे मूल्य अवलंबून असते. मताधिकार आणि न्यायव्यवस्था यांचा असा अन्योन्य संबंध ज्यांनी आपल्या कार्यातून देशापुढे ठेवला, त्यांत न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी मांडलेल्या सूचनांपैकी काही चौदा वर्षांनी, काही अठरा वर्षांनी आणि काही जवळजवळ अर्धशतकाने देशाच्या कायद्यापर्यंत किंवा न्यायनिर्णयापर्यंत पोहोचल्या. काही आजही वाटेवर आहेत.

सासवड ते सर्वोच्च न्यायालय

न्या. तारकुंडे यांचा जन्म ३ जुलै १९०९ रोजी पुणे जिल्ह्यातील सासवड येथे झाला. वडील सासवड येथे वकिली करीत आणि समाजसुधारणेच्या कामातही भाग घेत. इंग्लंडमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन बॅरिस्टर झाल्यावर ते मायदेशी परतले आणि पुण्यात वकिली करू लागले. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या मार्गाने सार्वजनिक जीवनात आलेले तारकुंडे पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे आकृष्ट झाले. रॉय यांच्या रॅडिकल डेमॉक्रॅटिक पक्षाच्या कामासाठी १९४०च्या दशकात त्यांनी काही वर्षे वकिली बाजूला ठेवली. १९४८मध्ये हा पक्ष स्वतःहून विसर्जित झाला. सत्तेसाठी स्पर्धा करणाऱ्या पक्षापेक्षा विचारी आणि स्वावलंबी नागरिक घडविणे हेच लोकशाहीचे खरे काम आहे, हा रॉय यांचा निष्कर्ष होता. तारकुंडे यांच्या पुढील आयुष्यावर या निष्कर्षाचा ठसा स्पष्ट दिसतो.

पक्षविसर्जनानंतर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९५७मध्ये त्यांची त्याच न्यायालयात न्यायाधीश म्हणून नियुक्ती झाली. १९६९मध्ये ते न्यायासनावरून निवृत्त झाले. राज्यघटनेच्या कलम २२० नुसार उच्च न्यायालयाच्या स्थायी न्यायाधीशाला निवृत्तीनंतर ज्या न्यायालयात काम केले तेथे वकिली करता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयात आणि अन्य उच्च न्यायालयांत करता येते. तारकुंडे यांनी दिल्लीची वाट धरली. वयाच्या साठाव्या वर्षी, जेव्हा बहुतेकांचे सार्वजनिक आयुष्य आवरते होते, तेव्हा त्यांच्या कार्याचा सर्वांत महत्त्वाचा कालखंड सुरू झाला.

नागरिकांनी नेमलेली समिती

१९७४ हे वर्ष देशात अस्वस्थतेचे होते. गुजरात आणि बिहारमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. निवडणुकांतील पैशाचा वापर हा चर्चेचा विषय झाला होता. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही पक्षनिरपेक्ष संघटना स्थापन झाली. तिच्या उभारणीत तारकुंडे यांचा मोठा वाटा होता. संघटनेच्या वतीने जयप्रकाशांनी निवडणूक सुधारणांचा विचार करण्यासाठी तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मिनू मसानी, पु. ग. मावळंकर, ए. जी. नूराणी, आर. डी. देसाई आणि ई. पी. डब्ल्यू. डा कोस्टा हे तिचे सदस्य होते. संसदपटू, घटनेचे अभ्यासक आणि लोकमताच्या पाहणीचे जाणकार अशी ही मंडळी होती.

या समितीला कोणताही शासकीय अधिकार नव्हता. साक्षीसाठी कोणाला बोलावण्याची सत्ता नव्हती आणि तिचा अहवाल संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कोणावर नव्हते. तिचा आधार होता तो केवळ युक्तिवादाचा. फेब्रुवारी १९७५मध्ये समितीने आपला अहवाल दिला. त्यातील प्रमुख शिफारशी पुढीलप्रमाणे होत्या :

• मतदानाचे किमान वय २१ वरून १८ वर्षे करावे.

• निवडणूक आयोग एकसदस्यीय न ठेवता तीन सदस्यांचा करावा.

• आयोगाच्या सदस्यांची नियुक्ती राष्ट्रपतींनी पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेते आणि भारताचे सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने करावी.

• निवडणूक जाहीर झाल्यापासून सत्तारूढ सरकारने काळजीवाहू सरकार म्हणून वागावे.

• राजकीय पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे आणि खर्चाचे पूर्ण हिशेब ठेवावेत, त्यांची तपासणी व्हावी आणि ते जनतेला पाहता यावेत.

• आकाशवाणी आणि दूरदर्शन ही माध्यमे स्वायत्त, वैधानिक महामंडळाकडे सोपवावीत.

• मतदारांनी मतदारसंघात आपली मंडळे स्थापून निवडणुकीवर लक्ष ठेवावे.

खर्चाच्या शिफारशीमागे एक ताजा प्रसंग होता. निवडणूक खर्चाला कायद्याने मर्यादा घातली होती. पण पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्या मर्यादेत धरायचा की नाही, हा वाद होता. ऑक्टोबर १९७४मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरला पाहिजे. काही दिवसांतच वटहुकूम निघाला. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले आणि पक्षाचा किंवा मित्रमंडळींचा खर्च मर्यादेबाहेर गेला. दार बंद करून खिडकी उघडी ठेवावी, तशी ही खर्चमर्यादा नावापुरती उरली. पक्षांच्या हिशेबांचा आग्रह समितीने धरला, त्याची ही पार्श्वभूमी होती.

अहवालावर विचार होण्यापूर्वीच देशाचे चित्र पालटले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तत्कालीन पंतप्रधानांची निवड रद्द ठरविली आणि २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली.

हरलेला खटला

२७ जून १९७५ रोजी राष्ट्रपतींच्या आदेशाने कलम १४, २१ आणि २२ यांतील हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित करण्यात आला. कोणताही खटला न चालवता ‘मिसा’ कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांच्या वतीने देशभर देहोपस्थितीच्या याचिका दाखल झाल्या. स्थानबद्ध व्यक्तीला न्यायालयापुढे आणून तिची अटक कायदेशीर आहे की नाही, हे तपासण्याचा हा सर्वांत जुना आणि मूलभूत उपाय. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले, की आणीबाणीतही अटक कायद्याला धरून आहे की नाही, हे न्यायालय पाहू शकते. या निर्णयांविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हाच जबलपूर खटला. स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांमध्ये शांतिभूषण, सोली सोराबजी, राम जेठमलानी आदींबरोबर तारकुंडेही होते.

२८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. चार विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने ठरविले, की आणीबाणीच्या काळात स्थानबद्धाला देहोपस्थितीची याचिका करण्याचा अधिकार नाही. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. खटला हरला होता. पण तो निष्फळ ठरला नाही. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ यांतील हक्क स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना जबलपूर निकाल स्पष्ट शब्दांत रद्द ठरविला. १९७६ ते २०१७ हा कालावधी एकेचाळीस वर्षांचा आहे.

न्यायालयीन लढाईबरोबरच संघटना बांधण्याचे काम चालू होते. ऑक्टोबर १९७६मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, जयप्रकाशांच्या प्रेरणेने दिल्लीत नागरी स्वातंत्र्य आणि लोकशाही हक्क यांसाठी एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. निरनिराळ्या राजकीय मतांच्या लोकांनी नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. १९७७मध्ये सत्तांतर झाल्यावर अनेकांना वाटले, की आता या कामाची गरज उरली नाही. तारकुंडे यांना तसे वाटले नाही. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, नागरिकाला आपल्या हक्कांची राखण स्वतःच करावी लागते, अशी त्यांची धारणा होती. आंध्र प्रदेशात नक्षलवादी म्हणून चकमकीत मारल्या गेलेल्या तरुणांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठी १९७७मध्येच जयप्रकाशांनी जी नागरी समिती नेमली, तिचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. १९८०मध्ये ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ (पीयूसीएल) या नावाने संघटनेची पुनर्रचना झाली, तेव्हा तिचे नेतृत्व तारकुंडे यांनी केले.

न्यायालयाचे दार कोणासाठी?

सामान्यतः न्यायालयात दाद मागण्यासाठी स्वतःवर अन्याय झालेला असावा लागतो. ज्याच्या शेतात पाणी शिरले, त्यानेच फिर्याद करायची. खासगी वादांत हा नियम योग्यच आहे. परंतु अन्याय एका व्यक्तीवर न होता संपूर्ण समाजावर होतो किंवा पीडित व्यक्ती इतकी दुबळी असते की ती न्यायालयाची पायरी चढूच शकत नाही, तेव्हा काय करायचे? १९७९मध्ये बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे खटल्याविना खितपत पडलेल्या कैद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला.

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर ज्या निर्णयातून मिळाले, त्यातील एका याचिकेचे याचिकाकर्ते स्वतः तारकुंडे होते. मार्च १९८१मध्ये केंद्रीय विधिमंत्र्यांनी एक परिपत्रक काढून उच्च न्यायालयांतील अतिरिक्त न्यायाधीशांकडून अन्य राज्यांत नियुक्तीस संमती मागविली होती. शिवाय काही अतिरिक्त न्यायाधीशांना अगदी थोड्या मुदतीच्या नियुक्त्या दिल्या जात होत्या. आपली मुदत वाढेल की नाही, याची टांगती तलवार डोक्यावर असलेला न्यायाधीश शासनाविरुद्ध निर्भयपणे निकाल देऊ शकेल काय, असा हा प्रश्न होता. मुंबईत इक्बाल छागला आणि इतर वकिलांनी, अलाहाबादमध्ये एस. पी. गुप्ता यांनी आणि दिल्लीत तारकुंडे यांनी याचिका केल्या. त्या सर्व सर्वोच्च न्यायालयात एकत्र आल्या.

शासनाचा पहिला आक्षेप असा होता, की या वकिलांचे स्वतःचे काहीच नुकसान झालेले नसल्यामुळे त्यांना याचिकेचा अधिकारच नाही. ३० डिसेंबर १९८१ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने निकाल दिला. न्या. पी. एन. भगवती यांनी आपल्या निकालपत्रात हा आक्षेप फेटाळला. सार्वजनिक हितासाठी सद्‌हेतूने पुढे आलेल्या नागरिकाला न्यायालय परत पाठविणार नाही, असे तत्त्व त्यांनी मांडले आणि जनहित याचिकेला भक्कम पाया मिळाला. पाच वर्षांपूर्वी जबलपूर खटल्यात न्या. भगवती बहुमताच्या बाजूने होते, हे लक्षात घेतले म्हणजे न्यायालयाची दृष्टी किती बदलली होती, याची कल्पना येते.

याच खटल्यात आणखी एक महत्त्वाचा मुद्दा निकाली निघाला. न्यायाधीशांच्या नियुक्तीसंबंधीचा विधिमंत्री आणि सरन्यायाधीश यांच्यातील पत्रव्यवहार गोपनीय असल्याचा शासनाचा दावा होता. न्यायालयाने तो अमान्य करून कागदपत्रे खुली करायला लावली. खुले शासन हा लोकशाहीचा गाभा असून जाणून घेण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच सामावलेला आहे, ही भूमिका त्यातून दृढ झाली.

मूळ मागणीपुरते पाहिले, तर याही खटल्यात याचिकाकर्त्यांचा पराभव झाला. न्यायाधीशांच्या नियुक्तीत अंतिम शब्द शासनाचा राहील, असेच बहुमत होते. ते १९९३च्या दुसऱ्या निर्णयाने बदलले. पण त्या पराभवातून उघडलेली दोन दारे, म्हणजे जनहित याचिका आणि माहितीचा हक्क, पुढे देशातील कोट्यवधी मतदारांच्या उपयोगी पडली.

शिफारस ते कायदा

१९७५च्या अहवालातील पहिली मोठी शिफारस १९८९मध्ये प्रत्यक्षात आली. ६१व्या घटनादुरुस्तीने कलम ३२६मधील वयाची अट २१ वरून १८ वर्षे केली आणि २८ मार्च १९८९ पासून ती अमलात आली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत तरुणांची एक संपूर्ण पिढी प्रथमच मतदान करू शकली. यानंतरही या तरतुदीत एक अडचण होती. वर्षातून एकच पात्रता दिनांक, १ जानेवारी, असल्यामुळे २ जानेवारीला अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणाला वर्षभर थांबावे लागे. २०२१च्या दुरुस्तीने १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार दिनांक निश्चित केले. त्यामुळे मतदारयादीचे दार वर्षातून चार वेळा उघडू लागले.

निवडणूक आयोगाच्या रचनेची वाट अधिक वळणावळणाची होती. ऑक्टोबर १९८९मध्ये प्रथमच दोन आयुक्त नेमले गेले. पण जानेवारी १९९०मध्ये ती पदे रद्द झाली. १ ऑक्टोबर १९९३ पासून आयोग पुन्हा तीन सदस्यांचा झाला. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रचना वैध ठरविली आणि तेव्हापासून ती कायम आहे.

मतदाराच्या माहितीच्या हक्काचा प्रवास १९८१च्या निकालाशी थेट जोडलेला आहे. ‘असोसिएशन फॉर डेमॉक्रॅटिक रिफॉर्म्स’ या संस्थेच्या याचिकेवरून २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला, की प्रत्येक उमेदवाराने आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, देणी आणि शैक्षणिक पात्रता जाहीर करावी. त्यानंतर लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३३ब घालून या निर्देशाचा परिणाम मर्यादित करण्यात आला. पीयूसीएल आणि इतरांनी त्याला आव्हान दिले आणि १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. मत कोणाला द्यावे, हे ठरविणे हा अभिव्यक्तीचाच प्रकार आहे आणि माहितीवाचून अशी अभिव्यक्ती अर्थहीन ठरते, हा या निर्णयाचा आशय. आज उमेदवारी अर्जासोबत द्यावे लागणारे शपथपत्र हे याच निर्णयांचे फळ आहे.

पीयूसीएलच्याच दुसऱ्या याचिकेवर २७ सप्टेंबर २०१३ रोजी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ म्हणजेच ‘नोटा’चा निर्णय झाला. त्यापूर्वी कोणालाही मत द्यायचे नसल्यास मतदाराला केंद्राध्यक्षांसमोर नोंदवहीत तशी नोंद करावी लागे आणि मतदानाची गुप्तता भंग पावे. पसंती गुप्त ठेवता येते, तर नापसंती का नाही, हा साधा प्रश्न होता. त्याच वर्षी झालेल्या पाच विधानसभांच्या निवडणुकांत मतदान यंत्रावर हे बटण प्रथम आले. नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तरी त्या खालोखाल मते मिळविणारा उमेदवारच विजयी होतो. त्यामुळे त्याचे महत्त्व निकाल बदलण्यात नसून मतदाराचे मत निर्भयपणे नोंदले जाण्यात आहे.

पोलिसी अधिकाराला मर्यादा

नागरी स्वातंत्र्याच्या क्षेत्रातही संघटनेच्या चिकाटीची फळे दिसून येतात. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीयूसीएलच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या शासकीय अधिकाराला मर्यादा घातल्या. असा आदेश गृहसचिवांच्या पातळीवरूनच निघावा, तो लेखी असावा आणि आढावा समितीने त्याची तपासणी करावी, असे बंधन आले.

महाराष्ट्राशी निगडित असलेला निर्णय २३ सप्टेंबर २०१४चा आहे. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत पोलीस चकमकींत झालेल्या मृत्यूंबाबत पीयूसीएलने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि न्यायालयाने सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदविणे, स्वतंत्र यंत्रणेकडून तपास करणे आणि दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करणे आता बंधनकारक आहे. १९७७मध्ये आंध्र प्रदेशातील मृत्यूंच्या चौकशीत नागरी समितीने जे प्रश्न विचारले होते, त्यांना सदतीस वर्षांनी मिळालेले हे उत्तर म्हणता येईल.

वाटेवर असलेल्या सुधारणा

तारकुंडे समितीच्या सर्वच शिफारशी साकार झाल्या, असे मात्र नाही. निवडणूक आयुक्तांच्या नियुक्तीबाबत संसदेने कायदा करावा, असे कलम ३२४(२) मध्ये सुचविलेले असूनही सत्तर वर्षांहून अधिक काळ असा कायदा नव्हता. नियुक्तीच्या प्रक्रियेत सत्तारूढ पक्षाबाहेरील घटकांना स्थान असावे, असे १९९०च्या दिनेश गोस्वामी समितीने आणि २०१५मध्ये विधी आयोगानेही सांगितले. २ मार्च २०२३ रोजी अनूप बरनवाल खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तारकुंडे समितीचा उल्लेख करून निर्देश दिला, की संसद कायदा करीपर्यंत पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने नियुक्ती व्हावी. १९७५ची शिफारस अठ्ठेचाळीस वर्षांनी जवळजवळ जशीच्या तशी मान्य झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. त्यात निवड समितीत सरन्यायाधीशांच्या ऐवजी पंतप्रधानांनी नामनिर्देशित केलेल्या केंद्रीय मंत्र्यांचा समावेश आहे. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती देण्यास नकार दिला.

खर्चाच्या बाबतीत २००३मध्ये कलम ७७चे ते जुने स्पष्टीकरण बदलण्यात आले आणि पक्षनेत्यांच्या प्रवासापुरतीच सवलत उरली. परंतु पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर करावयाच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवारावर २०२२पासून ९५ लाख रुपयांचे बंधन आले. पक्षावर काहीच नाही. पक्षांना मिळणाऱ्या निधीविषयी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची योजना रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने मतदाराच्या माहितीच्या हक्काचाच आधार घेतला.

मताधिकार आणि न्यायव्यवस्था यांची गाठ जेथे सर्वांत घट्ट पडते, ते ठिकाण म्हणजे तुरुंग. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) नुसार तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्या व्यक्तीला मतदान करता येत नाही. या नियमाला अपवाद आहे तो प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. अशा व्यक्ती टपालाने मत देऊ शकतात. मात्र ज्याचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे, अशा कच्च्या कैद्याला हा हक्क नाही. जामीन मिळालेला आरोपी मत देतो. जामिनाची रक्कम भरता न आल्याने आत राहिलेला गरीब आरोपी देऊ शकत नाही. २०२२अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली असली, तरी तिच्या सामाजिक परिणामांचा प्रश्न उरतोच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने काही अपवाद वगळता प्रथमच आरोप आलेल्या आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढलेल्या कच्च्या कैद्याच्या सुटकेची तरतूद केली आहे. तिची अंमलबजावणी जितकी तत्पर होईल, तितके मतदारही तुरुंगाच्या भिंतींबाहेर येतील. विधी सेवा प्राधिकरणांच्या जिल्हा आणि तालुका पातळीवरील यंत्रणेला या कामी मोठा वाव आहे.

नागरिकाची जबाबदारी

न्या. तारकुंडे यांना १९९८मध्ये ‘पद्मभूषण’ हा किताब देऊन गौरविण्यात आले. २२ मार्च २००४ रोजी वयाच्या ९४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. उमेदवारांच्या शपथपत्रांचा निर्णय त्यांच्या हयातीत झाला. नोटा, जबलपूर निकालाचे निरसन आणि आयुक्तांच्या नियुक्तीविषयीचा निर्णय त्यांच्या पश्चात आले.

त्यांच्या कार्याचा आढावा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्या प्रमुख खटल्यांत ते उभे राहिले, त्यांत ते हरले. ज्या समितीचे ते अध्यक्ष होते, तिला अधिकार नव्हता. तरीही पुढे झालेल्या अनेक सुधारणांचा आराखडा त्याच पराभवांत आणि त्याच अहवालात सापडतो. याचे कारण त्यांनी मागणी नेमकी केली, तिच्यामागे घटनेचा आधार उभा केला आणि तिचा पाठपुरावा करणारी संघटना मागे ठेवली. व्यक्ती थकली, तरी याचिका पुढे चालत राहिली.

समितीच्या शिफारशींपैकी एक मात्र अशी आहे, की तिच्यासाठी संसदेचा कायदा किंवा न्यायालयाचा निकाल लागत नाही. ती म्हणजे मतदारांच्या मंडळांची. आपल्या प्रभागातील मतदारयादी वाचणे, वगळलेल्या नावांसाठी अर्ज भरून देणे, उमेदवारांची शपथपत्रे गावाच्या चावडीवर किंवा वाचनालयात लावणे, जामिनासाठी अडलेल्या कुटुंबाला विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता दाखविणे, ही कामे कोणत्याही गावातील चार जाणते नागरिक करू शकतात. प्रौढ मताधिकाराने घटनाकारांनी सामान्य माणसावर विश्वास टाकला. त्या विश्वासाची राखण करण्याचे काम शेवटी त्याच सामान्य माणसाचे आहे.